लेखिकेची ओवाळणी

लेखकाला भेट काय द्यावी हे कुणालाच कळत नाही, म्हणून सगळे पेन देतात. आमच्या घरी मिठाईचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे, त्यात बायकोला भेट आलेली पेनंच पेनं आहेत. सोनेरी टोपणाची, मखमली खोक्यातली, एकाला तर बॅटरीही लागते. त्याखेरीज सरस्वतीच्या मूर्ती, बी-बियाण्याच्या दुकानांच्या डायऱ्या आणि सत्कारात मिळालेल्या शाली, ज्या अमरावतीच्या उन्हात नुसत्या बघितल्या तरी घाम फुटतो. बायको स्वतः लिहिते ती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या साध्या बॉलपेननं, त्याचं टोपण चावून चावून. दर दिवाळीला कुणीतरी नवं पेन घेऊन येतं, ती तोंडभरून कौतुक करते, आणि पाहुणा फाटकाबाहेर पडला की डब्याचं झाकण वाजतं.

ती कथा लिहिते. माहेर अंजनगाव सुर्जीचं, घरचा विड्याच्या पानांचा मळा. कॉलनीत ती लेखिकाबाई आणि मी लेखिकाबाईंचे मिस्टर. मला त्याचं काही वाटत नाही. मी आधी अकोल्याच्या आणि मग अमरावतीच्या बसस्थानकावर कंट्रोलर होतो. खिडकीशी आलेल्या माणसाचा प्रश्न संपायच्या आत उत्तर देऊन त्याला वाटेला लावायचं, हे माझं काम. तोच वसा मी घरीही चालवला. तिचं वाक्य अर्ध्यात आलं की उरलेलं मी पूर्ण करून टाकायचो, आणि ते हमखास चुकायचं.

दिवाळीच्या पाडव्याला ती मला ओवाळते आणि मी तबकात ओवाळणी ठेवतो. तिची एकच अट असते, पेन सोडून काहीही चालेल. इतकी वर्षं साडीवर निभावलं. ज्या वर्षाबद्दल मी लिहितो आहे त्या वर्षी मात्र ओवाळणी शोधताना माझ्या तोंडचं पाणी पळालं.

त्याची सुरुवात नवरात्रात झाली. गॅसवर दूध वर येत होतं आणि ती भांड्याकडे बघत नुसती उभी होती. मला म्हणाली, ते द्या. मी म्हटलं, काय ते? ती हात हलवत राहिली. दूध उतू गेलं. सांडशी समोरच्या खिळ्याला टांगलेली होती, तिच्या नजरेसमोर. मी चिडलो, समोर आहे ते दिसत नाही का म्हणून ओरडलो. ती खाली बसली आणि ओटा पुसायचं फडकं हातात घेऊन म्हणाली, "दिसून राह्यली हो. नाव येऊन नाही राह्यलं."

शब्दावाचून जिचं पान हलत नाही अशा बाईला सांडशीचं नाव येऊ नये, याचं मी तेव्हा हसं केलं. म्हातारी झालीस म्हटलं. पण नंतर चमचा गेला, शेजारणीचं आडनाव गेलं, एकदा बोलता बोलता नुसतंच तोंड उघडं राहिलं आणि काही वेळानं मिटलं. तेव्हा मात्र माझं हसू गेलं. अमरावतीत तपासण्या झाल्या, तिथून आम्हाला नागपूरला पाठवलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी स्क्रीनवरच्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. गाठ साधी दिसते म्हणाले, पण काढावीच लागेल, आणि ती बसली आहे बोलण्याच्या जागेला अगदी खेटून. ऑपरेशननंतर बोलणं काही दिवस जाऊ शकतं. काही दिवस म्हणजे किती, असं मी विचारलं. ते आता सांगता येत नाही म्हणाले. बायकोनं एवढंच विचारलं, लिहिणं? डॉक्टरांनी चष्मा काढला. बोलणं आणि लिहिणं एकाच घरात राहतात, असं काहीतरी ते म्हणाले. दिवाळी घरी करा, भाऊबीज होऊ द्या, मग या.

परत येताना ती खिडकीबाहेर फुटलेला कापूस बघत बसली होती आणि मला वाटत होतं की मी जोरात बोललो तर काहीतरी सांडेल. मी भित्रा माणूस नाही. दंगलीत बसस्थानकावर दगड आले तेव्हाही मी खिडकी सोडली नव्हती. पण त्या दिवसापासून जी भीती बसली ती जाईना. जेवताना, पंप सुरू करताना, दुकानात सुटे पैसे मोजताना ती तिथेच असायची.

मग घरातल्या सगळ्यांनी एकच विषय धरला, यंदा तिला काय द्यायचं. खरं बोलायची कुणाची हिंमत नव्हती, म्हणून सगळे भेटीबद्दल बोलत होते. लेक अकोल्याला दिलेली आहे. तिचा फोन आला की बाबा, आईला टॅबलेट घेऊ, त्यावर बोटानंही लिहिता येतं. हे सांगता सांगताच ती रडायला लागली आणि फोन जावयानं घेतला. अंजनगावहून मेहुण्यांनी कळवलं की भाऊबीजेला चांदीचं पेन आणतो, सोनाराला सांगून ठेवलं आहे. मी त्यांना डब्याबद्दल काही बोललो नाही.

मी स्वतः राजकमल चौकातल्या एका मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो. पेन नको म्हटलं तरी दुकानदारानं आधी पेनच काढलं. काका, याले लाइफटाइम गॅरंटी हाय, म्हणाला, बाई जिंदगीभर लिहितीन. मी पेन काउंटरवर ठेवलं आणि डायऱ्यांकडे वळलो. पुढच्या वर्षाच्या डायऱ्या येऊन पडल्या होत्या. एक उघडली तर फेब्रुवारीचं पान आलं, कोरं. मार्च कोरा. मी ती मिटली. मग म्हटलं निदान रिफिली घ्याव्यात, ती वापरते त्याच. पण किती? एक घेतली तर मीच ठरवल्यासारखं होईल की एवढीच पुरे. डझनभर घेतल्या आणि त्या तशाच पडून राहिल्या तर त्या मला रोज दिसतील. दुकानात गर्दी होती, लोक आकाशकंदील बघत होते, आणि मी रिफिलीच्या खोक्यासमोर घामाघूम होऊन उभा होतो. शेवटी काहीच न घेता बाहेर पडलो.

लिहायला चांगलं टेबल करून द्यावं असंही मनात आलं होतं. ती आजवर जेवणाच्या टेबलावर किंवा ओट्याशी उभी राहून लिहीत आली आहे. जवाहर गेटच्या बाजूला एक सुतार ओळखीचा आहे. त्यानं माप विचारलं, लाकूड विचारलं, आणि म्हणाला, आता कारागीर गावाले गेले, दिवाळीनंतर देतो. मी म्हटलं, राहू दे. तो बघतच राहिला. जी वस्तू हातात घ्यावी ती पुढच्या दिवसांबद्दल बोलायची आणि पुढचे दिवस म्हटले की मी तिथून निघून यायचो. घरी आलो तर तिनं विचारलं की रोज रोज कुठे जाऊन येता. मी दिव्यांच्या माळेचे बल्ब शोधतोय असं सांगितलं. माळ आधीच लावून झाली होती, गच्चीवर लुकलुकत होती.

त्याच दिवसांत मी तिचं लिहिणं पाहिलं. एरवी मी बघत नाही, तिला आवडत नाही. पण चिवड्याचे पोहे भाजता भाजता ती मधेच बाहेर गेली आणि कागद ओट्यावरच राहिला. ओळी होत्या, तिच्याच अक्षरात, आणि मधे मधे जागा सोडलेल्या. शाळेच्या पेपरात रिकाम्या जागा भरा असायचं, तसं. जिथे शब्द आला नाही तिथे तिनं तेवढी जागा ठेवून पुढे लिहिलं होतं. काही ओळींत शब्दांपेक्षा जागाच जास्त होत्या. मी गॅस बंद केला आणि मागच्या अंगणात जाऊन उगाच झाडांना पाणी घातलं.

अकोल्याला लेकीकडे फराळ पोचवायला गेलो तेव्हा मला उपाय सापडला असं वाटलं. टिळक रोडवर एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आवाज साठवायचं यंत्र होतं, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. हे काम मोबाइलही करतो हे मला कळतं, पण मोबाइल तबकात काय ठेवणार. दुकानदार म्हणाला, बोला काहीतरी. मला काही सुचेना, म्हणून सवयीनं अकोला-अमरावती गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे ते सांगून टाकलं. यंत्रानं माझाच आवाज मला ऐकवला. दुकानातले लोक हसले, मीही हसलो. तिला लिहायला शब्द सापडत नसतील, पण बोलताना बरेच येतात. ती बोलेल, हे ठेवून घेईल. मी खूश होऊन यंत्र घेतलं.

मूर्तिजापूरच्या पुढे बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसलो असताना माझ्या लक्षात आलं की माणसाचा आवाज कशासाठी ठेवून घेतात. नंतर ऐकायला. ज्याचा आवाज उरणार नाही त्याचा. मी एवढा दचकलो की शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं जी, उलटी येते का? मी मान हलवली. खोकं परत करावं असं वाटलं, पण परत करून दुसरं काय आणणार, हे माहीत नव्हतं. ते मी कपाटात स्वेटरखाली लपवून ठेवलं, एखादं घाणेरडं काम केल्यासारखं.

पाडव्याला सकाळी तिनं मला पाटावर बसवलं. रांगोळी काढली होती, नेहमीपेक्षा लहान. कुंकू लावलं, ओवाळलं, आणि तबक पुढे करून थांबली. मी यंत्र तबकात ठेवलं. तिनं ते उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं, आणि हे काय आहे ते विचारलं. मी समजावून सांगितलं. तू बोल, हे लिहून घेतल्यासारखं सगळं ठेवेल, मग सावकाशीनं उतरवता येईल. मी फार भरभर बोलत होतो, दोनदा तेच सांगितलं. तिनं मला बोलू दिलं.

मग ती म्हणाली, "हे माह्यासाठी आणलं का तुमच्यासाठी?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी रागावलो मात्र. एवढं अकोल्याहून आणलं आणि वर हे ऐकून घ्यायचं का, असं काहीतरी बोललो. ती शांतपणे समोर जमिनीवर बसली. निरांजन तबकात तसंच जळत होतं. मग तिनं मला माहेरच्या मळ्यातली एक गोष्ट सांगितली. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात ती मी कधी ऐकली नव्हती, किंवा ऐकायच्या आधीच तोडली असेल.

मळ्यातली पानं खुडून आणली की बाया पडवीत बसून त्यांच्या जुड्या लावायच्या. काम कंटाळवाणं, म्हणून मजुरीला येणारी एक बाई गोष्ट सांगायची. पण तिची अट असायची. कुणीतरी एकानं हुंकार द्यायचा. ती एक वाक्य बोलली की यानं हूं म्हणायचं. मधे प्रश्न विचारायचा नाही, पुढचं बोलायचं नाही, फक्त हूं. आणि हूं चुकलं की गोष्ट तिथेच बंद. कितीही हातापाया पडा, ती गोष्ट ती बाई पुन्हा काढायची नाही, दुसऱ्या दिवशी नवी सुरू करायची. हुंकार द्यायचं काम पोरांकडे असायचं आणि पोरं पेंगायची. त्यामुळे बायकोच्या डोक्यात लहानपणापासून अर्ध्या गोष्टी पडून आहेत. ती लिहायला लागली ती त्या पुऱ्या करायला. त्यातली एक अजून राहिली होती, आणि तीच तिला कागदावर उतरत नव्हती.

"मशीन हूं म्हणत नाही," ती म्हणाली. "मले ओवाळणीत हूं द्या."

माझी पाचावर धारण बसली. मी म्हटलं, हे माझं काम नाही, मला गप्प बसता येत नाही हे तुला माहीत आहे, लेकीला बोलावून घे. ती म्हणाली, थे रडते. मग भावाला सांग म्हटलं. तर म्हणे, थो देव देव करते. तुमी चिडता, तेवढं चालते मले. चिडलेला माणूस जागा तरी असते.

तर त्या दिवाळीत मी बायकोला ओवाळणी म्हणून हूं दिलं. दुपारी जेवणं झाली की आम्ही मागच्या पडवीत बसायचो. ती सुपारी कातरत बोलायची. गोष्ट एका बाईची होती. तिचा नवरा पानमळ्याचा मालक, तो अचानक वारतो. मळ्यात अनवाणी जायचं, सोवळ्यानं जायचं, आणि बाईमाणसानं एकटीनं तर जायचंच नाही, नाहीतर वेल जळतात, असं सगळे मानतात. दीर म्हणतात, आम्ही बघतो मळा, तू घरात राहा. ती राहत नाही.

सुरुवातीला मी फार चुका केल्या. वाक्य संपायच्या आत हूं म्हणायचो, गाडी सुटायची घाई असल्यासारखं. ती थांबून माझ्याकडे बघायची. मग पुन्हा तेच वाक्य म्हणायची. हळूहळू मला कळलं की हूं म्हणायलाही वाक्य पूर्ण ऐकावं लागतं. ही गोष्ट साठी उलटल्यावर कळली.

पण खरी भीती तिच्या थांबण्याची होती. ती बोलता बोलता थांबायची आणि मला कळायचं नाही की ही विचार करते आहे की शब्द गेला आहे. बाहेर भुईनळे उडत असायचे, लहान मुलं ओरडत असायची, आणि मी तिच्या ओठांकडे बघत बसायचो. अडकित्ता तिच्या हातात तसाच राहायचा. आणि मग मी तोंडाला येईल तो शब्द तिच्यापुढे टाकायचो. विहीर? दोर? दीर? कधी बरोबर लागायचा, बहुतेक वेळा चुकायचा. एकदा ती फार अडकली आणि मी एकामागून एक असे कितीतरी शब्द तिला देत गेलो, बसची गावं वाचावीत तसे. तिनं अडकित्ता खाली ठेवला.

"शब्द देऊ नका," ती म्हणाली. "तुमच्या शब्दानं माह्यावाला पळून जाते. मी थांबलो तर तुमी नुसतं हूं म्हणजा. मी पाह्यतो मग."

त्यानंतर मी शब्द देणं बंद केलं. ती थांबली की मी हूं म्हणायचो आणि वाट बघायचो. इतका वेळ काही न करता बसायचं मला कधी जमलं नव्हतं. कधी शब्द यायचा, कधी ती त्याला वळसा घालून पुढे जायची. सांडशी न म्हणता, गरम भांडं उचलायचं थे, असं म्हणायची. गोष्ट पुढे सरकत राहिली.

मधे भाऊबीजेला मेहुणे चांदीचं पेन घेऊन आले होते. तिनं ते कपाळाला लावलं, आणि ते गेल्यावर डब्यात टाकलं. झाकण वाजलं तेव्हा आम्ही दोघं हसलो. त्या दिवसांतलं आमचं दोघांचं ते एकच हसू मला आठवतं.

भाऊबीजेनंतर आठवड्यानं नागपूरला निघालो तेव्हा गोष्ट संपली नव्हती. जावयानं गाडी केली होती, तो पुढे बसला होता आणि आम्ही दोघं मागे. ती म्हणाली, उरलेलं वाटेत सांगतो. मी हूं म्हणायला सावरून बसलो. गोष्टीतली बाई आता मळ्याच्या फाटकाशी आली होती. दीर मागे उभे होते, गावातले लोक जमले होते. तिनं चपला काढल्या. बायकोचा आवाज हळू होता, पण शब्द येत होते, सकाळपासून एकही अडला नव्हता. मला आशा वाटायला लागली होती. मोझरी आली. रस्त्याकडेला आश्रमाची कमान दिसली, माणसं उतरत होती, आणि मी देवाधर्माचा माणूस नसतानाही माझे हात आपोआप जोडले गेले. डोळे मिटले. मी काय मागितलं ते सांगायची गरज नाही.

डोळे उघडले तेव्हा गाडी पुढे गेली होती आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

मी म्हटलं, हूं. ती काही बोलली नाही. मी पुन्हा म्हटलं. मग मला कळलं की ती एक वाक्य बोलून गेली होती आणि मी हूं म्हटलं नव्हतं.

तिवसा येईपर्यंत मी तिच्या विनवण्या केल्या. एकदाच चुकलो म्हटलं. पुन्हा सांग, चपला काढल्या त्याच्या पुढचं सांग. जावई आरशातून बघत होता. ती नुसती माझ्या हातावर हात ठेवून बसली. ती नियम पाळत होती की तेव्हाच तिच्याजवळचं सगळं एकदम गेलं होतं, हे मला कळेना. मुद्दाम करते आहेस का, असं मी शेवटी ओरडून विचारलं. ती हसली की तिचे ओठ नुसते हलले, तेही मला नक्की सांगता येत नाही. त्यानंतर दवाखान्यापर्यंत तिनं फक्त पाणी मागितलं, आणि तेही बोटानं दाखवून.

मला त्या रस्त्याची आजही भीती वाटते. माझ्या चुकीनं गोष्ट बंद पडली, म्हणजे आता ती पुन्हा सुरू होणार नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. डॉक्टर काही म्हणोत, गाठ साधी असो की नसो, मला वाटत होतं की हूं मी चुकवलं आहे आणि त्याचं फळ तिला मिळणार आहे. अशा गोष्टींवर मी जन्मभर हसत आलो होतो. दवाखान्याच्या बाकावर बसून मी तोंडातल्या तोंडात हूं, हूं म्हणत होतो, उशीर झालेल्या गाडीची पुन्हा पुन्हा घोषणा केल्यासारखं. लेकीला वाटलं मी जप करतो आहे.

ऑपरेशन नीट झालं असं डॉक्टर म्हणाले. गाठ पूर्ण निघाली. ती जागी झाली, मला ओळखलं, लेकीचा हात धरला, सांगितलं तसा पाय हलवला. बोलली मात्र नाही. डॉक्टर आले की तिला विचारायचे, हे काय, आणि पेन दाखवायचे. ती पेनाकडे बघायची, मग डॉक्टरांकडे. तोंड उघडायची आणि आवाज यायचा नाही. वेळ लागेल म्हणाले. किती, हे विचारायचं मी सोडून दिलं होतं. लेक तिच्याशी सारखी बोलायची, आई हे म्हण, आई ते म्हण, आणि मग खोलीबाहेर जाऊन रडायची. बायको छताकडे बघत राहायची. तिच्या नजरेत भीती होती. ती भीती बघणं मला माझ्या भीतीपेक्षा जड गेलं.

एका दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. तब्येतीचं बोलून झालं होतं, घराचं बोलून झालं होतं. माझ्याजवळ दुसरं काहीच नव्हतं, म्हणून मी तिचीच गोष्ट तिला सांगायला लागलो. मळा, नवरा, दीर, गावातली माणसं. मला सगळं आठवत होतं, तिच्या वाक्यांसकट, याचं मलाच नवल वाटलं. ती माझ्याकडे वळली. हूं कुणी म्हणत नव्हतं, मी आपला सांगत गेलो. फाटकापर्यंत आलो. बाईनं चपला काढल्या.

पुढचं मला माहीत नव्हतं. पण गोष्ट तिथे सोडायची माझी छाती झाली नाही. मी म्हटलं, मग तिला भीती वाटली, आणि ती घरी परत गेली.

"नाई," बायको म्हणाली.

आवाज फाटका होता, पण शब्द स्पष्ट होता. मी खुर्चीवरून उठलो. नर्सला बोलवावं, लेकीला हाक मारावी, डॉक्टरांना सांगावं, सगळं एकदम मनात आलं. तेवढ्यात पाहिलं की तिचं झालेलं नाही. कपाळाला आठ्या पडल्या होत्या. ओठ एका शब्दाभोवती जमत होते आणि सुटत होते. "थे..." ती म्हणाली, आणि थांबली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मला दिसत होतं तो शब्द काय असेल. आत असेल, मळा असेल, वेल असेल, सगळे माझ्या जिभेवर आले होते. नाहीच आला तर काय, ही भीतीही तिथेच होती.

मी परत बसलो. तिचा हात हातात घेतला, आणि म्हटलं, हूं.